गाळ काढताना निघणारी कासवं: आपल्या तळ्यांतल्या मऊ पाठीच्या कासवाबद्दल

सीनाथडी

एप्रिल-मे आला की आपल्या सोलापूर जिल्ह्यात पाझर तलावांमध्ये पोकलेन उतरतात. गाळ काढायलाच हवा, त्याबद्दल वाद नाही. तलावात पाणी जास्त साठतं, मुरमाड रानात गाळ पडला की दोन वर्षं पीक वेगळंच दिसतं, आणि २०१७ पासून 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजनेमुळे हे काम गावोगाव होतंय. पण याच दिवसांत ट्रॉलीत, बांधावर, शेतात पसरलेल्या ढेकळांमध्ये कासवं निघतात. काही धडधाकट, बरीचशी पाठ फुटलेली. हालत नाहीत म्हणून लोक ती मेलेली समजून फेकून देतात. त्यातली कितीतरी जिवंत असतात, उन्हाळा काढायला चिखलात दडी मारून बसलेली. याबद्दल सविस्तर लिहावं असं बरेच दिवस मनात होतं.

आपल्याकडे तळ्यात, विहिरीत, ओढ्याच्या डोहात, भाताच्या खाचरात जे कासव सर्रास दिसतं ते मऊ पाठीचं. शास्त्रीय नाव लिसेमिस पंक्टाटा. पाठीवर टणक खवले नसतात. आत हाडाचं कवच असतं, पण वरून गुळगुळीत, शेवाळी-तपकिरी कातडी ताणून बसवलेली. पोटाकडची बाजू पांढरट, दुधी. नाक लांबट, नळीसारखं. गढूळ पाण्यात अख्खं अंग बुडवून ते फक्त नाकाचं टोक वर काढतं आणि श्वास घेतं, त्यामुळे काठावर बसलेल्या माणसाला तळ्यात कासव आहे याचा पत्ताही लागत नाही.

याची खरी ओळख पोटाकडे मागच्या बाजूला आहे. तिथे कातडीच्या दोन झडपा असतात. मागचे पाय आत ओढले की झडपा त्यांच्यावर बंद होतात. पुढची बाजूही बिजागरीसारखी हलून वर येते. म्हणजे मऊ पाठीचं असूनही हे कासव स्वतःला जवळजवळ पूर्ण मिटून घेऊ शकतं. मऊ पाठीच्या इतर बहुतेक कासवांना हे जमत नाही, त्यांना पळावं किंवा चावावं लागतं. पूर्ण वाढलेली मादी फूटभराची किंवा थोडी जास्त भरते, नर लहान असतो, त्याची शेपटी मात्र जाड आणि लांब.

आता उन्हाळ्याचं. तळं आटायला लागलं की या कासवापुढे दोन वाटा असतात: चालत दुसरं पाणी गाठायचं, किंवा ओल्या चिखलात शिरून बसायचं. अंग चपटं असल्यामुळे चिखलात घुसणं त्याला सोपं जातं. आत गेलं की हालचाल बंद, खाणं बंद, शरीराचा सगळा खर्च अगदी कमी. अशा अवस्थेत ते १६० दिवसांपर्यंत तग धरू शकतं. आपल्याकडचा फेब्रुवारी ते जून मोजून बघा. दुष्काळ याहून लांबला तर मात्र चिखलही वाळतो आणि कासवं मरतात.

म्हणजे ज्या महिन्यांत तलाव कोरडा म्हणून यंत्र आत जाऊ शकतं, नेमक्या त्याच महिन्यांत कासव गाळात असतं.

बोरामणी शिवार

चांगला विषय काढलात सीनाथडी. आमच्या गावच्या तलावात मागच्या उन्हाळ्यात हेच झालं. ट्रॅक्टरवाल्या पोरानं हाक मारली, "काका, दगड हलायलाय बघा." बघितलं तर कासव. वरचा गाळ कोरडा खडखडीत, भेगा पडलेल्या, पण बादलीनं जिथून उचललं तिथं खाली काळा, ओला, लोण्यासारखा चिखल होता. मान पार आत, डोळे मिटलेले. तोंडावरचा चिखल पाण्यानं धुतला तेव्हा कुठं नाकपुड्या उघडल्या. आम्ही विहिरीत सोडलं.

आमचा तलाव १९७२ च्या दुष्काळात खडी फोडून, माती वाहून लोकांनी बांधलेला. त्याआधी तिथं नुसता ओढा होता. मग ही कासवं आली कुठून? कुणी आणून सोडली असतील का?

सीनाथडी

काही सोडलेली असणार. विहिरीचं पाणी स्वच्छ राहतं म्हणून कासव सोडायची रीत आपल्याकडे जुनी आहे. पण बहुतेक आपल्या पायांनी आली असतील. वळीव झाला की किंवा मृगाच्या पहिल्या पावसात ही कासवं जमिनीवरून बरंच अंतर चालतात. ओढा होता म्हणताय, म्हणजे ओढ्याच्या डोहात ती आधीपासून असतील. तलाव झाला आणि त्यांना आणखी एक जागा मिळाली. माणसाने बांधलेल्या पाण्यात सहज रुळणारा प्राणी आहे हा. पाझर तलाव, शेततळं, कालव्याची गळती, काहीही चालतं, फक्त तळाशी माती हवी. प्लास्टिकचा कागद अंथरलेल्या शेततळ्यात ते पडलं तर चढून बाहेर येता येत नाही आणि दडायला चिखलही नसतो. शेततळ्याच्या एका कडेला जुनं जाळं किंवा सुतळीची पोती टाकून ठेवली तर कासवच नाही, खार, मुंगूस, साप, सगळेच चढून बाहेर येतात.

विहिरीबद्दल एक. कठडा बांधलेल्या, उभ्या भिंतीच्या विहिरीत ते जगतं बरीच वर्षं, पण मादीला अंडी घालायला माती मिळत नाही. त्यामुळे पुढच्या वेळी विहिरीऐवजी जवळच्या ओढ्याच्या डोहात सोडा.

जुळे सोलापूर

मी पक्षी बघायला हिप्परग्याला जातो. एकरूख तलावाच्या काठावर फेब्रुवारीत उथळ पाण्यात बगळे, शेकाट्या असतात तिथे गवतात ही कासवं दिसतात, पण क्षणभरच. पाऊल वाजलं की बुडी. एकदा मेलेल्या माशाला दोघं दोन बाजूंनी ओढत होती, ते मात्र दुर्बिणीतून निवांत बघायला मिळालं. पुढच्या पायाच्या नख्यांनी मासा धरायचा आणि मान झटकन मागे ओढून तुकडा तोडायचा, असं चाललं होतं. एवढी लांब मान आत कुठे राहते याचंच नवल वाटलं.

खाण्यात अजून काय काय असतं?

सीनाथडी

समोर येईल ते. बेडूक, बेडूकमासे, गोगलगायी, शिंपले, झिंगे, किडे, मासे, पाणवनस्पती आणि मेलेलं काहीही. मेलेली जनावरं, मासे खाऊन ते पाणी साफ ठेवतं ही विहिरीत कासव सोडणाऱ्यांची समजूत त्यामुळे अगदी निराधार नाही.

मोहोळची पोर

फोटो टाकलाय. आमच्या शाळेमागच्या ओढ्यात सापडलं. पण याची पाठ टणक आहे, काळपट आणि वर तीन उभे कंगोरे. हातात घेतल्यावर घाण वास आला. हे तेच का?

सीनाथडी

नाही, हे वेगळं. काळं कासव म्हणा, मेलॅनोकेलिस ट्रायजुगा. तीन कंगोरे हीच त्याची खूण. वास हा त्याचा बचाव आहे, घाबरलं की सोडतं. हेही तळ्या-ओढ्यांत राहतं आणि चिखलात, पाल्याखाली दडतं. तुमच्या ओढ्यात हे आहे ही आनंदाची बातमी आहे. पोरांना दाखवा आणि होतं तिथेच परत ठेवा.

आपल्या भीमेत तिसरंही एक आहे, लीथचं मऊ पाठीचं कासव. ते मोठं, दोन फुटांपर्यंत जातं. पिल्लाच्या पाठीवर डोळ्यांसारखी गोल चित्रं असतात, वय वाढलं की पुसट होतात. या जातीचं वर्णन १८७२ साली पुण्याच्या नमुन्यावरून झालं. म्हणजे ते खास आपल्या दख्खनच्या नद्यांचं कासव आहे. आज ते अतिसंकटग्रस्त यादीत आहे, आणि २०२२ मध्ये त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर सर्वात कडक बंदी आली. झडपांचं कासव अजून तेवढ्या वाईट अवस्थेत नाही, पण तेही 'असुरक्षित' मानलं जातं. मांसासाठी, औषध म्हणून, गळाला आमिष म्हणून याची शिकार भरपूर होते. सर्रास दिसतं म्हणून त्याच्याकडे कुणी लक्ष देत नाही, याची मला जास्त काळजी वाटते.

माढा तालुका

सगळं पटलं. पण मला वाटतं सापडलेली कासवं उजनीला नेऊन सोडावीत. तिथं बारमाही पाणी. पाझर तलावात परत टाकायचं म्हणजे पुढच्या वर्षी पुन्हा तेच पोकलेन आणि तेच मरण. आमच्याकडचे दोघं-तिघं गाडी घालून नेतात उजनीला, खर्च स्वतःचा. त्यांचं कौतुक करायचं सोडून नको म्हणायचं का?

सीनाथडी

त्यांच्या तळमळीबद्दल आदरच आहे. तरी मी नेऊ नका असंच म्हणेन. कारणं सांगतो.

हे कासव उथळ, संथ, गवताळ पाण्याचं. उजनीचा फुगवटा अफाट, त्यात पाणी वर-खाली होतं तेव्हा काठ मैलभर सरकतो. नवख्या कासवाला तिथे दडायची जागा माहीत नाही, खायला कुठे मिळतं माहीत नाही. उचलून लांब नेलेली कासवं एका जागी ठरत नाहीत, भटकत राहतात, आणि भटकणारं कासव रस्त्यावर किंवा कुत्र्याच्या तोंडी सापडतं.

दुसरं, जाळी. उजनीत चिलापीसाठी नायलॉनची जाळी रात्रभर लावलेली असतात. कासवाला फुप्फुसं आहेत, कल्ले नाहीत. ते पाण्यातून घशाच्या आणि कातडीच्या आधाराने थोडाफार प्राणवायू घेतं, पण जाळ्यात धडपड करत अडकलेलं कासव वर येऊ शकलं नाही तर बुडूनच मरतं.

तिसरं मला सर्वात महत्त्वाचं वाटतं. तुमच्या तलावातली मोठी मादी ही त्या तलावाची पुढची वीस-पंचवीस वर्षं आहे. तिला नेलं की तलाव पाण्याने भरेल, पण कासवांचा रिकामा होईल. आणि वेगवेगळ्या ठिकाणची कासवं एकत्र केली की रोगही एकत्र होतात. उत्तरेकडच्या याच जातीच्या पाठीवर पिवळे ठिपके असतात, आपल्याकडच्याच्या नसतात. तशी ठिपकेवाली तस्करीतून आपल्याकडे आली आणि कुणी दया येऊन सोडली तर दोन वेगळे वंश मिसळतील.

माढा तालुका

मग पोकलेन चालू असताना सापडलेल्याचं करायचं काय? ड्रायव्हर दिवसाचे पैसे घेतो, तो थांबत नाही.

बोरामणी शिवार

थांबतो की. आमच्याकडं थांबला. त्याला आधीच सांगायचं आणि एक माणूस बादलीसमोर उभा ठेवायचा. तलाव समितीतल्या पोरांनी पाळ्या लावल्या. चहा-नाष्टा द्यायचा, ड्रायव्हरसुद्धा आवडीनं बघतो मग. शेवटी तोच खाली उतरून दाखवायला लागला, "हितं एक हाय बघा."

सीनाथडी

याहून चांगलं उत्तर मी देऊ शकलो नसतो. त्यात थोडी भर:

धरताना दोन्ही हातांनी पाठीच्या मागच्या कडा धरा. पुढून धरू नका, मान मागे वळून बरीच लांब पोचते आणि चावा जोराचा असतो. शेपटीने लटकवू नका. ओल्या पोत्यात गुंडाळून सावलीत ठेवा. सुस्तावलेलं कासव भरलेल्या टाकीत टाकू नका, त्याला लगेच वर येऊन श्वास घेता येईलच असं नाही. टोपल्यात दोन बोटं पाणी पुरे. मग त्याच तलावात जो भाग या वर्षी खोदायचा नाही तिथल्या ओल्या चिखलात, गवताच्या सावलीत ठेवायचं. ते आपण होऊन आत शिरतं.

पाठ फुटली असेल, रक्त येत असेल तर घरी हळद लावून ठेवू नका. वनविभागाची १९२६ ही हेल्पलाइन आहे. हे कासव वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाच्या पंक्तीला. उपचारासाठीसुद्धा आपल्याकडे ठेवायचं तर वनविभागाला कळवूनच.

होटगी रोड

कायद्याचा विषय निघालाच आहे म्हणून. आमच्या भागात एकाला विचारणा झाली होती, वीस नखांचं कासव असेल तर मोठी रक्कम देतो म्हणून. त्याने पैशांचा पाऊस पडतो म्हणे. लोक खरंच रात्री विहिरी धुंडाळतात. यावर काहीतरी लिहा, पोरं फसतायत.

सीनाथडी

लिहितोच. या मऊ पाठीच्या कासवाच्या प्रत्येक पायाला तीन नख्या असतात. चार पायांच्या मिळून बारा. काळ्या कासवाच्या पुढच्या पायांना पाच-पाच आणि मागच्या पायांना चार-चार, एकूण अठरा. बाजारात चोरून विकल्या जाणाऱ्या स्टार कासवाचंही गणित साधारण तेच. वीस नखांचं कासव शोधायला लावणारा तुम्हाला जे जवळजवळ नसतंच ते शोधायला लावतो. त्या नादात शेकडो बारा नखांची कासवं पकडली जातात, मापली जातात, मरतात. पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्याची शिकार किंवा व्यापार केला तर तीन ते सात वर्षं कैद आहे. पकडला जातो तो विहिरीत उतरलेला पोरगा. त्याला पाठवणारा नामानिराळा राहतो.

आणि स्टार कासव, म्हणजे घुमटासारखी उंच पाठ आणि तिच्यावर पिवळ्या चांदण्या, असं कुठे सापडलं तर दया येऊन तळ्यात सोडू नका. ते जमिनीवरचं आहे, खोल पाण्यात बुडतं.

जुळे सोलापूर

आणखी एक प्रकार. माशांच्या दुकानात नाण्याएवढी हिरवी पिल्लं मिळतात, डोळ्यामागे लाल पट्टी. लोक हौसेने घेतात, वर्षा-दोन वर्षांत ती ताटलीएवढी होतात, पाणी वास मारतं, मग संध्याकाळी कुणी बघत नाही असं पाहून तलावात सोडतात. ही अमेरिकेतली. चिवट, खादाड, उन्हात बसायच्या जागा बळकावणारी. कृपया सोडू नका.

बाकी इंटरनेटवर 'मड टर्टल' म्हणून छोटी कासवं दिसतात ती आपली हीच का?

सीनाथडी

ती वेगळ्या कुळातली, आणि ते कुळ फक्त अमेरिका खंडांत आहे. पण त्यांची माहिती वाचताना मला सतत आपला जिल्हा आठवत राहतो. पूर्व अमेरिकेतलं मड टर्टल जेमतेम चार-पाच इंचांचं. पोटाच्या कवचाला दोन बिजागऱ्या, पुढची बाजू आणि मागची बाजू दोन्ही मिटतात. आपल्याकडच्याने मागच्या बाजूसाठी कातडीच्या झडपा वापरल्या, त्यांनी हाडाचीच बिजागरी केली. मेक्सिकोत २०१८ मध्ये याच कुळातल्या एका नव्या जातीची नोंद झाली. ते कासव तर चार इंचांच्या आसपासच, आणि नराच्या नाकावर पिवळा ठिपका. त्याचं सगळं जग म्हणजे वाढत्या शहराकडेची काही डबकी आणि ओढे. शहर वाढलं की ती बुजतात.

मला सर्वात आवडतं ते अमेरिकेच्या मधल्या राज्यांतल्या कोरड्या गवताळ मुलखातलं पिवळ्या गळ्याचं मड टर्टल. वर्षाचा मोठा भाग ते जमिनीत पुरून घेतं. नेब्रास्कातल्या वाळूच्या टेकड्यांत मादी वाळूत शिरते, अंडी घालते आणि तिथेच अंड्यांजवळ थांबते, काही वेळा कितीतरी दिवस. अंडी घालून निघून जाणं हाच कासवांचा रिवाज, म्हणून हे विशेष. पिल्लं अंड्यातून निघाली की वर न येता आणखी खाली खोदत जातात, हिवाळा तिथेच काढतात आणि पुढच्या वसंतात बाहेर येतात. दोन खंडांतली दोन वेगळी कुळं, पण पाणी बेभरवशाचं असेल तर माती हेच घर करायचं, हा मार्ग दोघांनी आपापला शोधला.

आपल्या कासवाच्या अंड्यांचंही तसंच. गर्भाची वाढ मध्ये थांबून राहते, आणि पिल्लं बाहेर यायला कित्येक महिने लागू शकतात. आपल्याकडे जून-जुलैचा पाऊस दगा देतो आणि खरा जोर सप्टेंबरात असतो. अशा मुलखात जमिनीत थांबून राहू शकणारं अंडं किती उपयोगाचं!

मोहोळची पोर

सर, अंड्यांवरून विचारते. नांगरताना वडिलांना तलावाच्या वरच्या बाजूला पांढरी गोल अंडी मिळाली. पिंगपाँगच्या चेंडूपेक्षा लहान, कडक कवचाची. दोन फुटली, सात शाबूत आहेत. घमेल्यात ठेवलीत. कासवाची असतील का? काय करू?

सीनाथडी

वर्णनावरून कासवाचीच वाटतात. कवच ठिसूळ असतं, जपून. सर्वात महत्त्वाचं, अंडी फिरवू नका. गर्भ कवचाला आतून वरच्या बाजूला चिकटलेला असतो, उलटं झालं की मरतो. आत्ता जशी आहेत त्याच बाजूवर राहू द्या. प्रत्येकाच्या वर पेन्सिलीने बारीक खूण करा. घमेल्यात त्याच जागेची ओलसर माती घाला, ऊन लागू देऊ नका, धुऊ नका. आणि आत्ताच १९२६ ला फोन करून तुमचा तालुका आणि गाव सांगा. त्यांचा माणूस येईपर्यंत जागा नांगरायची थांबवता आली तर बघा, आसपास आणखी घरटी असू शकतात.

मोहोळची पोर

फोन केला. उद्या सकाळी येतो म्हणाले. वडिलांनी त्या बाजूच्या चार काकऱ्या तशाच सोडल्यात आणि मुंगूस-कुत्र्यासाठी वर बाभळीचे काटे टाकलेत.

बोरामणी शिवार

वडिलांना रामराम सांगा आमचा.

सीनाथडी, आमच्या तलावाचं काम याही वर्षी आहे. ग्रामसभेत विषय मांडलाय: भिंतीकडून सुरुवात करायची, आणि वरच्या अंगाचा पाणकणसाचा ओला पट्टा या वर्षी सोडायचा, पुढच्या वर्षी तो काढायचा तेव्हा खोदलेला भाग भरलेला असेल. गाळ नेणारे शेतकरी कुरकुरले, कारण तो पट्टा त्यांना जवळ पडतो. पण ठराव झाला. तुम्ही एकदा येऊन कुठवर खुंट्या मारायच्या ते दाखवाल का?

सीनाथडी

नक्की येतो. काम सुरू व्हायच्या आधी, पहाटे जाऊ. ओल असलेला चिखल पायाखाली कळतो. येताना चुन्याची पिशवी आणा, आणि ड्रायव्हरलाही बोलवा.